रस्ता गावाला हवा, तळ्याला नको

हिमाचलातल्या चंद्रताल तळ्यापर्यंत डांबरी रस्ता झालाच पाहिजे, हे मत गेल्या पावसाळ्यापासून वर्ध्यात मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे की त्याला एकदा सविस्तर उत्तर देणं भाग आहे. एमएच ३२ ची, म्हणजे आपल्या वर्ध्याची, पाटी असलेल्या गाड्या आता मनाली, काझा, लेह इथं सहज दिसतात. दीड हजार किलोमीटरहून जास्त अंतर गाडी हाकत जाणारी आपली माणसं परत आली की दोन गोष्टी हमखास सांगतात. तळं बघून डोळ्यांचं पारणं फिटलं आणि रस्त्यानं जीव काढला. दोन्ही खरं आहे. पण त्यापुढची मागणी अशी असते की सरकारनं काझ्याच्या वाटेवरच्या बातलपासून तळ्यापर्यंतचे चौदा किलोमीटर डांबरी करावेत, वाहनतळ पाण्याला लागून द्यावा, म्हणजे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही गाडीतून उतरल्याउतरल्या तळं दिसेल. आम्ही कर भरतो, मग एवढंही मागू नये का, असा प्रश्न वर असतोच.

त्याच गप्पांत दुसराही एक पक्ष असतो. त्याचं म्हणणं याच्या बरोबर उलट. रस्त्याला हात लावू नका, दगडधोंडे तसेच राहू द्या, ग्रामफू ते काझा हा देशातला सर्वांत खडतर रस्ता आहे आणि तीच त्याची मजा आहे. डांबर पडलं की कुणीही सोमागोमा तिथं पोचेल. आमच्याकडे फोर बाय फोर गाडी आहे, ओढा असो की चढ, आम्ही थेट काठापर्यंत नेऊ.

हे दोन पक्ष एकमेकांशी तावातावानं भांडतात, पण दोघांनाही गाडी पाण्याजवळच न्यायची आहे. एकाला ती आरामात न्यायची आहे, दुसऱ्याला कष्टानं. त्या रस्त्यावर बारा महिने कोण राहतं आणि तळ्याच्या काठावर काय उगवतं, याचा विचार दोघांच्याही बोलण्यात नसतो. माझं म्हणणं सरळ आहे. शेवटच्या वस्तीपर्यंतचा रस्ता पक्का करा, उत्तम करा, बारमाही करा. तिथून तळ्याकडे जाणारी वाट मात्र अरुंद आणि कच्चीच राहू द्या, तिच्यावरच्या गाड्या मोजून सोडा आणि काठाच्या बऱ्याच अलीकडे त्या थांबवा.

आधी रस्त्याचं बोलू, कारण मी तो स्वतः चालवला आहे. अटल बोगद्यातून बाहेर पडून कोकसरच्या अंगानं ग्रामफूकडे वळलं की काझ्याची वाट सुरू होते. तिला राष्ट्रीय महामार्ग ५०५ असं भारदस्त नाव आहे. काही ठिकाणी काम झालं आहे, होत आहे. पण छत्रू ओलांडल्यावर पुष्कळ ठिकाणी रस्ता म्हणजे चंद्रा नदीच्या पात्रालगतचे गोटे, एवढंच. गाडी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात टाकायची सोय नाही. क्लचवर पाय राहिला तर दहा मिनिटांत जळका वास येतो. दगड बघून चाक दगडावर चढवायचं, दोन चाकांच्या मधे घ्यायचा नाही, कारण मधे घेतला की तो चेंबरला लागतो आणि तेल गळायला सुरुवात होते. डोंगरावरून येणारे ओढे रस्त्यावरूनच वाहतात. त्यांचं पाणी सकाळी घोट्याएवढं असतं, आणि दुपारी वरचा बर्फ वितळून आला की तेच गुडघ्याच्या वर जातं. म्हणून तिथले ड्रायव्हर पहाटे निघतात. ओढ्यात उतरण्याआधी ते खाली उतरून पाण्याचा तळ बघतात, समोरची गाडी पूर्ण पार झाल्याशिवाय आपली घालत नाहीत, आणि पाण्यात असताना गिअर बदलत नाहीत. मनाली सोडली की काझा येईपर्यंत या वाटेवर पेट्रोल पंप नाही. बातलला दोनचार ढाबे, एक पूल. दवाखाना नाही.

आता या रस्त्यानं कोण जातं? आपण वर्षाकाठी आठ दिवस जातो. काझ्याच्या आसपासच्या स्पिती खोऱ्यातला शेतकरी आपला वाटाणा याच वाटेनं मनालीच्या बाजारात पाठवतो. तिथला वाटाणा उशिरा तयार होतो, खाली हंगाम संपलेला असतो, म्हणून त्याला भाव मिळतो, पण तो वेळेत उतरला तरच. ओढ्याला पाणी आलं आणि ट्रक दोन दिवस अडकला तर पोत्यातला माल गरम होऊन पिवळा पडतो. बाळंतीण अडली, कुणाच्या छातीत कळ आली, तर काझ्याच्या दवाखान्यातून पुढं न्यायला हाच रस्ता किंवा किन्नौरचा लांबचा वळसा. त्यामुळे ‘रस्त्याला हात लावू नका’ म्हणणाऱ्या थरारप्रेमींना मला पहिलं उत्तर द्यायचं आहे. दुसऱ्याच्या घरासमोरचा चिखल ही तुमची करमणूक होऊ शकत नाही.

वर्ध्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. आपल्याकडे पांदण रस्ते आहेत. काळ्या मातीतली पांदण पावसाळ्यात काय होते, हे आर्वीपासून समुद्रपूरपर्यंतच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. जुलैत खताची पोती डोक्यावर न्यावी लागतात, कारण बंडी आसापर्यंत रुतते. सोयाबीन कापून गंजी घातलेली असते, आकाश भरून येतं, आणि ट्रॅक्टर शेतापर्यंत पोचत नाही. राज्य सरकारनं २०२१ साली मातोश्रींच्या नावानं शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली ती काही हौसेखातर नाही. माणसं आणि पिकं अडकत होती म्हणून काढली. उद्या पुण्या-मुंबईचे कुणी आपापल्या उंच गाड्या घेऊन आपल्या पांदणीत यावेत, चिखल उडवत फोटो काढावेत आणि जाताना म्हणावं की या रस्त्यावर मुरूम टाकू नका, अस्सल अनुभव जाईल, तर गावकरी त्यांना दारात उभं करणार नाहीत. मग स्पितीच्या माणसानं आपल्याला का उभं करावं? गरमसूर हे आपल्याच जिल्ह्यातलं डोंगरावरचं गाव. उंची जेमतेम दोन हजार फुटांच्या आसपास, हिमालयापुढे काहीच नाही. पण तिथल्या माणसालाही वर जायला आणि खाली यायला चांगला रस्ता लागतो, त्यावर कुणाचं दुमत असेल असं वाटत नाही. काझ्याचं, त्याच वाटेवरच्या लोसर गावाचं तेच आहे. सीमा सडक संघटना त्या रस्त्याचं काम करते आहे. ते लवकर पुरं व्हावं असं मला मनापासून वाटतं, त्यात माझी गाडी चालवण्याची मजा गेली तरी हरकत नाही.

इथपर्यंत डांबरवाले खूश होतील. पण चंद्रताल हे गाव नाही. तिथं बारमाही वस्ती नाही, शाळा नाही, शेत नाही. उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळ आपले कळप घेऊन त्या कुरणांत येतात. ते पायी येतात, शतकानुशतकं पायीच येत आले आहेत. बातलहून वर जाणारा चौदा किलोमीटरचा फाटा गेल्या काही दशकांत रुळला तो पर्यटकांच्या गाड्यांनीच. म्हणजे ‘गावाची सोय’ हे कारण इथं लागू पडत नाही, आणि जे कारण लागू पडत नाही त्याच्या नावावर डांबर मागू नये.

तळं सव्वाचार हजार मीटरहून उंचावर आहे, क्षेत्रफळ सुमारे ४९ हेक्टर. आपल्याकडच्या मापानं सांगायचं तर सव्वाशे एकरांपेक्षाही कमी. एवढ्याशा पाण्याला २००५ साली रामसर यादीत स्थान मिळालं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून ते राखायचं वचन देशानं दिलं. काठावरचं गवत वर्षातले जेमतेम तीन-चार महिने वाढतं, बाकी काळ ते बर्फाखाली असतं. माती पातळ, बोटभर खणलं की खाली खडे. अशा गवतावरून एक गाडी गेली तर काय होतं, हे मी तिथं वाकून बघितलं आहे. चाकाच्या दोन पट्ट्यांत गवताची मुळं पिंजून वर आलेली होती आणि माती दाबून टणक झाली होती. पुढच्या वितळणीचं पाणी त्याच दोन पट्ट्यांतून धावलं होतं आणि पट्टीची नाली झाली होती. नालीतून गाडी आदळते म्हणून मागून आलेल्यानं तिच्या शेजारून नवी पट्टी पाडली होती. त्याच्या मागच्यानं आणखी पलीकडून. एका ठिकाणी एका वाटेच्या अशा चार-पाच वाटा झालेल्या होत्या, आणि मधलं गवत बेटांसारखं सुटं पडलं होतं.

आपल्या पांदणीतही हेच होतं. मधे डबकं झालं की बंडीवाला धुऱ्याच्या बाजूनं काढतो, मग धुरा तुटतो, मग शेजाऱ्याच्या तासात चाक जातं आणि भांडण तहसीलपर्यंत पोचतं. फरक एवढाच की आपली काळी माती पुढच्या पावसात आणि वखराच्या पाळीत सगळं मिटवून टाकते. सव्वाचार हजार मीटरवर मिटवायला कुणी नाही. थंड वाळवंटात चाकाची खूण वर्षानुवर्षं राहते. लडाखमध्ये चांगथांगच्या सपाटीवर त्सो कार आणि त्सो मोरिरीच्या आसपास अशा समांतर वाटांचं जाळं लांबूनही दिसतं. त्सो मोरिरी २००२ पासून आणि त्सो कार २०२० पासून रामसर यादीत आहेत. काळ्या मानेचा क्रौंच त्या दलदलीत अंडी घालतो. त्याचं घरटं जमिनीवर असतं, पाण्यानं वेढलेल्या गवताच्या उंचवट्यावर. फोटोसाठी जवळ गेलेली एक गाडी त्या जोडीला घरट्यावरून उठवायला पुरते.

फोर बाय फोरवाल्यांचं इथं एक ठरलेलं उत्तर असतं की आम्ही जबाबदार आहोत, असले प्रकार नवखे करतात. मी ते मान्य करत नाही. एप्रिल २०२२ मध्ये लडाखच्या पांगोंग तळ्याच्या पाण्यात एक महागडी गाडी घालून, छतातून बाहेर निघून मौज करणाऱ्यांचं चित्रण देशभर पाहिलं गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलमध्ये नाताळच्या गर्दीत वाहतूक खोळंबली, तेव्हा एकानं आपली थार सरळ चंद्रा नदीच्या पात्रातून हाकली आणि पोलिसांनी त्याला दंड केला. ही माणसं नवखी असतील किंवा सराईत असतील. गाडीला ताकद दिली आहे म्हणून ती कुठंही घालायचा अधिकार मिळतो, ही समजूत दोघांचीही सारखीच होती. गाड्यांच्या जाहिराती बघा. प्रत्येक जाहिरातीत गाडी ओढ्यातून पाणी उडवत जाते, कुरणातून जाते, वाळूतून जाते. रुळलेल्या वाटेवर, ओढ्यापाशी थांबून, समोरच्याला आधी जाऊ देणारा ड्रायव्हर त्यांत दिसत नाही. डोंगरातलं खरं कौशल्य मी ज्यांच्याकडे पाहिलं ते काझ्याचे टॅक्सीवाले होते. जुनी गाडी, घासलेले टायर, पण चाक वाटेच्या बाहेर एक वीतभरही जात नाही. समोरून गाडी आली की ते दरीच्या काठानं अर्धा फर्लांग मागं घेतात आणि तोंडातून चकार शब्द काढत नाहीत.

आता डांबरवाल्यांचे मुद्दे. त्यांतला सर्वांत वजनदार मुद्दा म्हाताऱ्यांचा आणि अपंगांचा, म्हणून तो आधी घेतो. गाडी थांबते तिथून तळ्यापर्यंतचं दीड किलोमीटर चालता न येणाऱ्या माणसानं तळं बघूच नये का? बघावं. पण त्यासाठी सगळ्यांच्या गाड्या काठावर न्याव्या लागतात, हे कुणी ठरवलं? माथेरान बघा. तिथं दस्तुरी नाक्याच्या पुढं मोटारीला बंदी आहे. वर शार्लट तलाव आहे, गावाचं पाणी त्यातून येतं. दीडशेहून अधिक वर्षं माथेरान मोटारीवाचून चाललं आणि कुणी त्याला अडाणी म्हटलं नाही. चालू न शकणाऱ्यांसाठी तिथं माणसानं ओढायची रिक्षा होती, ती अमानुष होती, म्हणून ई-रिक्षा आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. हा मार्ग चंद्रतालला का नको? वाहनतळापासून पुढं स्थानिकांनी चालवलेली एक-दोन विजेवरची वाहनं, ज्याला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी, ठरलेल्या एकाच वाटेनं. त्याला माझा पाठिंबा आहे. पण ज्यांना चालता येतं त्यांनी आजीचं नाव पुढं करून स्वतःची गाडी आत नेऊ नये.

आणि आजीबद्दल खरोखर काळजी असेल तर दीड किलोमीटरच्या चालण्याची चिंता दुय्यम आहे. वर्धा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरही उंच नाही. मनाली दोन हजार. चंद्रताल सव्वाचार हजारांच्या वर, तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास साठ टक्के. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं उंचीवरच्या आजारांचे जाणकार डॉक्टर सांगतात. आपल्या मंडळींचा कार्यक्रम काय असतो? पहाटे मनाली सोडायची आणि संध्याकाळी तळ्याजवळच्या तंबूत मुक्काम. एका दिवसात दोन हजार मीटरहून जास्त. रात्री डोकं ठणकतं, उलट्या होतात, आणि मग अंधारात तोच रस्ता उतरायची वेळ येते. रस्ता डांबरी झाला की हीच चढाई चार तासांत होईल, म्हणजे दुपारच्या जेवणाला तळं आणि शरीराला सवय व्हायला आणखी कमी वेळ. गाडीला टर्बो असतो, विरळ हवेतही ती चढते. आजीच्या फुप्फुसाला तशी सोय नाही. साठी उलटलेल्या आईवडिलांना स्पिती दाखवायचीच असेल तर किन्नौरकडून सावकाश, मुक्काम करत काझ्याला न्या. की, ढंकर, ताबो इथले मठ पाहू द्या. चंद्रताल त्यांनी पाहिलंच पाहिजे हा हट्ट त्यांचा नसतो, आपला असतो.

जुलै २०२३ मध्ये काय झालं ते आठवा. ऐन उन्हाळी हंगामात हिमाचलात अतिवृष्टी झाली, वर चंद्रतालला बर्फ पडलं आणि जवळपास २९० माणसं तंबूंत अडकली. आजारी पडलेल्या काहींना हेलिकॉप्टरनं काढलं. बाकीच्यांसाठी काझ्याच्या बाजूनं कुंझुम खिंडीतलं बर्फ जेसीबीनं फोडत बचाव पथक गेलं, राज्याचे मंत्री जगतसिंह नेगी स्वतः त्या पथकाबरोबर होते, आणि १३ जुलैला सगळे सुखरूप बाहेर आले. या घटनेचा दाखला देऊन काही जण म्हणतात, बघा, रस्ता चांगला असता तर अडकले नसते. साडेचार हजार मीटरच्या खिंडीत बर्फ साचलं की खाली डांबर आहे की दगड, यानं काहीएक फरक पडत नाही. फरक पडतो तो वर किती माणसं आहेत यानं. चौदा किलोमीटर डांबर असतं तर त्या रात्री तिथं २९० च्या जागी किती माणसं असती, याचा हिशेब प्रत्येकानं करावा.

हिशेब करायला रोहतांग आहेच. जवळपास चार हजार मीटर उंचीच्या त्या खिंडीपर्यंत डांबरी रस्ता होता, मनालीहून सकाळी जाऊन दुपारी परत येता येत होतं. झालं काय? गाड्यांच्या रांगा आणि धूर इतका वाढला की राष्ट्रीय हरित लवादाला मधे पडावं लागलं आणि २०१५ पासून पर्यटक गाड्यांवर रोजची मर्यादा आली. पुढं ती दिवसाला १२०० गाड्यांची झाली, ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या. म्हणजे आधी रस्ता गुळगुळीत करायचा, मग गर्दी झाली म्हणून न्यायालयात जायचं, मग परवान्यासाठी रांग लावायची. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा खुला झाला आणि लाहौलच्या माणसाला हिवाळ्यात बाहेर पडायची सोय झाली. ही फार मोठी गोष्ट आहे, पिढ्यान्पिढ्या ते लोक सहा-सहा महिने कोंडले जात होते. पण त्याच नऊ किलोमीटरच्या बोगद्यातून आपणही आलो, आणि चंद्रताल मनालीच्या दारात आलं. गर्दी आधीच चढली आहे. तिला आवर घालणारं आता जवळजवळ तेवढंच उरलं आहे, ते शेवटचे चौदा किलोमीटर.

पांगोंगही विसरू नये. तिथला रस्ता सीमेसाठी आहे, त्याबद्दल वाद नाही. १९६२ मध्ये चुशूलच्या परिसरात काय झालं हे ज्याला माहीत आहे तो त्या भागातल्या रस्त्यांवर कंजुषी करा असं म्हणणार नाही. पण २००९ च्या ‘थ्री इडियट्स’नंतर त्याच रस्त्यानं पर्यटकांचे लोंढे गेले, आणि काठावर पिवळ्या स्कूटर आणि रंगीत खुर्च्या फोटोसाठी भाड्यानं मिळू लागल्या. सैन्याच्या गरजेचा रस्ता हा आपल्या सहलीच्या हक्काचा पुरावा होत नाही.

राहिला रोजगाराचा मुद्दा. गाडी काठावर गेली तर स्थानिकांना चार पैसे जास्त मिळतील, असं म्हणतात. उलट होतं. गाडी थेट काठावर गेलेला माणूस वीस मिनिटांत फोटो काढून परततो, त्याचं जेवण मनालीहून बांधून आणलेलं असतं. जिथं गाडी थांबते आणि चालणं सुरू होतं, तिथं माणूस चहा पितो, वाटाड्या घेतो, खेचर घेतो, रात्र काढतो. चंद्रतालला तंबू काठावरून हटवून काही किलोमीटर अलीकडे नेले आणि गाड्याही साधारण किलोमीटर-दीड किलोमीटर आधी थांबवल्या, म्हणून काही तिथला व्यवसाय बुडाला नाही. आपल्या साताऱ्याच्या कासचा अनुभव तोच आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत कासचं नाव आलं, फुलांच्या हंगामात गाड्यांची झुंबड उडाली, फुलांवरून चाकं गेली. मग वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या समित्यांनी मिळून प्रवेशाची संख्या ठरवली, शुल्क लावलं, हंगामात खासगी गाड्या अलीकडे थांबवून पुढं बसनं न्यायला सुरुवात केली. त्या व्यवस्थेतून गावातल्या तरुणांना हंगामी काम मिळालं. पुढं कास तलाव आहे, साताऱ्याला पाणी पुरवणारा. त्याच्या काठानं वाटेल तिथं गाडी लावू द्या, असं कुणी सातारकर म्हणेल असं मला वाटत नाही, ते पाणी त्याच्या नळाला येतं. चंद्रतालचं पाणीही चंद्रा नदीत उतरतं, तांडीला भागा मिळते आणि पुढं ती चिनाब होते. खाली तेही कुणाच्या तरी नळाला येतंच.

शेवटी आपल्या घरचं उदाहरण, कारण डांबरवाल्यांना ते खोडता येईल असं मला वाटत नाही. बोर व्याघ्र प्रकल्प आपल्या जिल्ह्यात आहे. १९७० मध्ये अभयारण्य झालं, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. गाभा क्षेत्र सुमारे १३८ चौरस किलोमीटर, त्या हिशेबानं देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. मधे बोर धरणाचं पाणी. आत सफारीच्या वाटा कच्च्या आहेत. उन्हाळ्यात धुळीनं तोंड भरतं, खड्ड्यात जिप्सी आदळली की पाठ बोलते. फाटकापाशी नोंद होते, वाटाड्या बरोबर येतो, गाड्यांची संख्या ठरलेली असते, आपली गाडी बाहेर ठेवावी लागते. वर्ध्यात एकाही माणसानं मला आजवर म्हटलेलं नाही की बोरच्या पाणवठ्यापर्यंत डांबरी रस्ता करा आणि माझी गाडी आत जाऊ द्या, माझ्या आईला वाघ दाखवायचा आहे. का म्हणत नाही? कारण वाघ तिथं टिकायचा असेल तर आपण थोडी गैरसोय सोसायची, हे आपल्याला पटलं आहे. ते पटायला वेळ लागला, वाद झाले, आजही होतात, पण पटलं आहे. आपल्या जंगलात जो नियम आपण निमूट पाळतो तो दुसऱ्याच्या डोंगरात गेल्यावर अन्याय कसा होतो? वाघ नाही म्हणून? लडाखात क्रौंच आहे, चंद्रतालला मेंढपाळाचं कुरण आहे, वर्षाला तीन-चार महिनेच वाढणारं गवत आहे.

मला कुणाचा प्रवास बंद करायचा नाही. आपल्या भागातली मुलं इतक्या लांबवर गाडी चालवत जातात, बर्फ बघतात, परक्या भाषेत वाट विचारतात, याचा मला आनंद आहे. मी स्वतः पुन्हा जाणार आहे. पण जाणाऱ्यांकडे आणि त्याहून जास्त, नेणाऱ्यांकडे माझं मागणं आहे. वर्धा-नागपुरातून स्पितीच्या सहली काढणाऱ्यांनी आपल्या पत्रकावरून ‘थेट तळ्याकाठी’ हे शब्द काढून टाकावेत आणि मनाली ते चंद्रताल एका दिवसात हा कार्यक्रम बंद करावा. लोसर-काझ्याकडून, शरीराला उंचीची सवय झाल्यावर, परतीच्या वाटेवर तळं बघावं. ओढा बघून घालावा, वाट सोडू नये, गाडी जिथं थांबवायला सांगितली तिथंच थांबवावी, आणि कुणी ‘पुढं जाऊ देतो, दोनशे रुपये द्या’ म्हणालं तरी जाऊ नये. आणि परत आल्यावर रस्त्यावरचा राग काढायचाच असेल तर काझ्याच्या वाटाण्यासाठी काढा, आपल्या पांदणीसाठी काढा. त्या अर्जावर मी पहिली सही करीन. तळ्याच्या काठापर्यंतच्या डांबराचा अर्ज घेऊन माझ्याकडे येऊ नका.